पुरळ कधी उठलं, कुठं उठलं?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की कोल्हापुरात पोरं पोहायला निघतात. कुणी विहिरीवर, कुणी पंचगंगेच्या घाटावर, कुणी टँकवर. तीन-चार वर्षांची लेकरंही मोठ्या भावंडांच्या मागं असतातच. हल्ली बऱ्याच आया त्यांना पाण्यात सोडण्याआधी सनस्क्रीन लावतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गालावर, मानेवर लाल पुरळ दिसलं की "आमच्या बाळाला हे सोसत नाही" असा निकाल लागतो आणि ट्यूब कपाटात जाते. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. पुरळापुरळात फरक असतो. तो ओळखायला आईबापांनी दोनच गोष्टी नीट पाहायच्या: लावल्यावर किती वेळानं उठलं आणि अंगावर नेमकं कुठं उठलं.

लहान मुलाची कातडी मोठ्यांसारखी नसते, हे आधी लक्षात घ्यायला हवं. सगळ्यात वर मेलेल्या, चपट्या पेशींचा थर असतो. त्या पेशींमधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी लिंपलेल्या असतात आणि बाहेरचं बाहेर ठेवण्याचं काम हा थर करतो. तान्ह्या बाळात तो मोठ्यांपेक्षा सुमारे ३० टक्के पातळ असतो. शिवाय ३ किलोच्या बाळाची कातडी साधारण ०.२ चौरस मीटर भरते, तर ६० किलोच्या माणसाची १.६५ च्या आसपास. म्हणजे दर किलोमागं बाळाच्या वाट्याला जवळपास अडीचपट कातडी येते आणि तिच्यावर लावलेलं औषध-मलमही त्याच हिशेबानं जास्त. म्हणून अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन सहा महिन्यांखालच्या बाळांसाठी सनस्क्रीनऐवजी सावली आणि कपडे सुचवतं.

आता वेळेकडे या. लावल्याबरोबर किंवा तासाभरात चुरचुरलं, मूल डोळे चोळत रडायला लागलं, कातडी लाल झाली, तर ती बहुधा नुसती आग असते, ॲलर्जी नव्हे. यात रोगप्रतिकार यंत्रणेचा संबंध येत नाही. अल्कोहोल असलेली जेल आणि स्प्रे यात पुढं असतात. डोळ्यांभोवतीची नाजूक कातडी किंवा एक्झिमानं, म्हणजे कोरड्या, खाजऱ्या कातडीच्या विकारानं, आधीच भेगाळलेले कोपरे-गुडघे असतील तर साधी क्रीमसुद्धा झोंबते. धुऊन टाकलं की हा त्रास सहसा लवकर उतरतो.

खऱ्या ॲलर्जीचं वागणं वेगळं. एखादा घटक कातडीत शिरतो, शरीर त्याला परका म्हणून ओळखतं आणि त्याची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी तयार करतं. या तयारीला दहा-पंधरा दिवस, कधी त्याहून जास्त लागतात आणि तोवर वरून काहीच दिसत नाही. पुढं कधीतरी तोच घटक पुन्हा लागला की एक ते तीन दिवसांत खाज सुटते, बारीक पाणीदार फोड येतात. "पहिली ट्यूब तर मस्त चालली होती, मग आताच काय झालं?" असं आया डॉक्टरांना विचारतात. पहिली ट्यूब चालली म्हणजे ॲलर्जी नाही, असं होत नाही. ॲलर्जी पहिल्या भेटीत होतच नाही.

तिसरा प्रकार मला सगळ्यात विलक्षण वाटतो. घटक एकटा निरुपद्रवी, ऊनही एकटं निरुपद्रवी, पण दोन्ही एकत्र आले की ॲलर्जी. सूर्याच्या यूव्हीए या प्रकारच्या अतिनील किरणांनी त्या रेणूची रासायनिक घडण बदलते आणि बदललेला रेणू शरीराला परका वाटतो. इथं 'कुठं' हा प्रश्न कामाला येतो. अशा पुरळात गाल, नाक, मानेची पुढची बाजू, हातांच्या वरच्या बाजू लाल होतात. हनुवटीखालची, कानामागची सावलीतली कातडी मात्र सुटते, जरी क्रीम तिथंही लागलेली असली तरी. ऑक्सिबेन्झोन हा ऊन अडवणारा घटक यातला जुना संशयित. डब्यावर तो 'बेन्झोफिनोन-३' या नावानं लिहिलेला असतो. २०१४ साली अमेरिकेतल्या संपर्क-त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बेन्झोफिनोन गटाला 'वर्षाचा ॲलर्जीकारक' ठरवलं होतं. ऑक्टोक्रायलीन हा दुसरा. मोठ्या माणसांत त्याचा उन्हातला त्रास बऱ्याचदा किटोप्रोफेन असलेल्या दुखण्याच्या जेलशी जोडलेला आढळतो, लहान मुलांत मात्र साधी, ऊन न लागताही होणारी ॲलर्जी जास्त दिसते.

तरीही ऊन अडवणाऱ्या घटकांची खरी ॲलर्जी दुर्मीळच आहे. ट्यूबमध्ये त्यांच्या सोबतीला जे असतं, तेही तपासायला हवं: सुगंध, टिकवण्यासाठी घातलेली रसायनं, वनस्पतींचे अर्क. मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे असंच एक टिकवणारं रसायन. त्याच्या ॲलर्जीचे इतके रुग्ण निघाले की युरोपीय संघानं २०१७ पासून अंगावर तसंच राहणाऱ्या प्रसाधनांत ते बंद केलं. 'हायपोअलर्जेनिक' किंवा 'नॅचरल' या शब्दांवर मी तरी विसंबणार नाही. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचावीत.

लहान मुलासाठी झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवाली, बिनवासाची क्रीम निवडावी. झिंक ऑक्साइड घराघरांत आधीपासून आहे. गुलाबी कॅलामाइनमध्ये आणि लंगोटाच्या पुरळावरच्या मलमात तेच असतं. ते किरण परतवून लावतं असं सांगतात, पण प्रत्यक्षात अतिनील किरण ते मुख्यतः शोषून घेतं. २०१९ च्या प्रस्तावात अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं हे दोनच घटक सुरक्षित आणि परिणामकारक मानले आणि इतर १२ घटकांबद्दल आणखी माहिती मागवली. ते १२ घातक ठरले असा याचा अर्थ नाही.

आपल्याकडे अजून एक घोळ होतो, घामोळ्याचा. एप्रिल-मेच्या उकाड्यात जाड क्रीम, वर घाम, की घामोळं आलंच. पण ते मानेच्या वळ्यांत, पाठीवर, कपड्याखालीही येतं, जिथं सनस्क्रीन लावलेलंच नसतं. जोतिबाच्या चैत्र यात्रेहून आल्यावर पुरळ दिसलं तर गुलालही आठवावा. खांद्यावर बसलेल्या लेकराच्या तोंडावर तो किती बसतो, हे यात्रेला गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

कोल्हापूर १६.७ अंश उत्तरेला आहे. मेच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. अशा वेळी नुसत्या क्रीमवर भागत नाही. ट्यूबवरचा एसपीएफचा, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचा, आकडा मोजताना दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावतात. तीन वर्षांच्या मुलाच्या सगळ्या अंगाला त्या हिशेबानं सुमारे १२ ग्रॅम लागते, म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब चार वेळांत संपली. एवढी कोण लावतं? पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, रुंद काठाची टोपी आणि अकरा ते चार घरात, हे आधी. सनस्क्रीन उरलेल्या उघड्या जागांपुरतं. क्षेत्र कमी झालं की त्रासाची शक्यताही कमी होते.

नवी ट्यूब आणली की मुलाच्या हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत, रोज दोनदा, आठवडाभर लावून पाहावं. पुरळ उठलंच तर कोमट पाण्यानं धुवावं आणि थांबावं. त्यावर लिंबू चोळू नये. लिंबाच्या रसातले सोरालेन गटाचे पदार्थ उन्हात कातडी भाजतात आणि महिनोन्‌महिने न जाणारे काळे डाग ठेवतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडवालं मलम आणणंही नको. पातळ कातडी ते आणखी पातळ करतं. ओठ-डोळे सुजले, श्वास लागला किंवा फोड पसरले तर लगेच दवाखाना गाठावा.

पुरळ परत परत येत असेल तर त्वचारोगतज्ज्ञ पॅच टेस्ट करतात. जाताना ट्यूब सोबत न्यावी, कारण तीच क्रीम तपासायला लागते. पाठीवर संशयित घटकांच्या चकत्या ४८ तास चिकटवून ठेवतात, काढल्यावर एकदा आणि त्यानंतर दोन दिवसांनी पुन्हा पाहतात. उन्हातल्या ॲलर्जीसाठी त्याच चकत्यांचे दोन संच लावून एकावर मोजून यूव्हीए सोडतात. या काळात पाठ भिजवायची नाही आणि घामानं चकत्या सुटतात, त्यामुळं मे महिन्यात ही तपासणी अवघड जाते. घाई नसेल तर डॉक्टरांना विचारून ती थंडीत, दिवाळीनंतर करून घ्यावी आणि तोवर संशयित क्रीम बंद ठेवून सदरा-टोपीवर भागवावं.