मेजोराज मास्क

मेजोराज मास्क : निंटेंडो या जपानी कंपनीच्या ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ मालिकेतील सहावा प्रमुख गेम. जपानी नाव ‘मुजुरा नो कामेन’, म्हणजे मुजुराचा मुखवटा. निंटेंडो ६४ या यंत्रासाठी २७ एप्रिल २००० रोजी जपानमध्ये, २६ ऑक्टोबर २००० रोजी उत्तर अमेरिकेत आणि त्यानंतर नोव्हेंबरमध्ये युरोपात प्रसिद्ध झाला. ‘ओकारिना ऑफ टाइम’ (१९९८) या गेमचा हा थेट पुढचा भाग आहे. नायक लिंक तोच, त्याचे बालरूप तेच, आणि गावातले बहुतेक चेहरेही आधीच्याच गेममधून उचललेले आहेत. मात्र गॅनॉन हा खलनायक इथे नाही, हायरूलचे राज्य नाही आणि राजकन्या झेल्डा केवळ एका आठवणीत दिसते. कथा घडते टर्मिना नावाच्या समांतर प्रदेशात. तिथे आकाशातला चंद्र तीन दिवसांत जमिनीवर कोसळणार असतो.

मालिकेतला सर्वांत काळोखा भाग म्हणून याची ओळख पक्की झाली आहे. ती चुकीची नाही, पण काळोख म्हणजे नेमके काय याची उकल क्वचितच केली जाते. या गेममध्ये रक्त नाही, शिव्या नाहीत, मालिकेच्या सवयीपेक्षा जास्त हिंसाही नाही. त्यातली उदासी आली आहे ती घड्याळाच्या रचनेतून.

नाव : ‘मेजोरा’ या शब्दाच्या उगमाविषयी बराच वाद झाला. ॲमेझॉनच्या मुखाशी असलेल्या माराजो बेटावरील प्राचीन माराजोआरा संस्कृतीशी तो जोडण्याची प्रथा चाहत्यांत फार जुनी आहे. त्या संस्कृतीची चित्रित मातीची भांडी प्रसिद्ध आहेत. गेममधला मुखवटाविक्रेताही सांगतो की एक प्राचीन जमात हा मुखवटा जादूटोण्याच्या विधींत वापरत असे, पुढे त्याच्या शक्तीला घाबरून तिने तो अंधारात कोंडून ठेवला. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की संबंध आपोआप जुळल्यासारखा वाटतो. पण हे साम्य मुख्यतः इंग्रजी रूपातले आहे. मूळ जपानी उच्चार ‘मुजुरा’ असा आहे आणि ‘माराजो’पासून तिथवर पोचायला ओढाताण करावी लागते. गेमच्या कलाविभागातील ताकाया इमामुरा यांनी दिलेला खुलासा वेगळा आहे. त्यांच्या सांगण्यानुसार, स्वतःचे आडनाव ‘इमामुरा’ आणि त्या सुमारास गाजलेल्या ‘जुमांजी’ या चित्रपटाचे नाव यांची जोडणी करून ‘मुजुरा’ तयार झाले. हा खुलासा गेम प्रसिद्ध झाल्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, त्यामुळे स्मृतिदोषाची शक्यता अगदीच नाकारता येत नाही. तरीही ध्वनी नीट जुळतात आणि सांगणारा माणूस त्या कामात स्वतः होता. म्हणून हेच मत अधिक ग्राह्य मानावे. या गेमवर काढलेल्या जपानी चित्रकथेत मुखवट्याचा उगम एका ड्रॅगनसदृश प्राण्याच्या कवचापासून दाखवला आहे, पण ती चित्रकथाकारांची स्वतंत्र भर आहे.

घोषणेच्या वेळी हे नाव नव्हते. ऑगस्ट १९९९ मधील निंटेंडोच्या स्पेस वर्ल्ड प्रदर्शनात हा गेम ‘झेल्डा गायदेन’ म्हणून मांडला गेला. गायदेन म्हणजे उपकथा, मुख्य प्रवाहाच्या बाजूने जाणारी गोष्ट. आजचे नाव त्यानंतर आले. ‘गायदेन’ हा शब्द मागे पडला ही खेदाची गोष्ट आहे, कारण गेमच्या स्वभावाचे तेच सर्वांत प्रामाणिक वर्णन होते.

निर्मिती : ‘ओकारिना’ पूर्ण होण्यास काही वर्षे लागली होती. त्यासाठी उभारलेले इंजिन, म्हणजे गेम चालवणारी मूळ आज्ञावली, आणि त्रिमितीय आकृत्या हाताशी होत्या आणि त्यांचा पुन्हा उपयोग व्हावा अशी निर्माते शिगेरु मियामोतो यांची इच्छा होती. पहिला बेत होता तो त्याच गेममधल्या भुयारांची मांडणी बदलून निंटेंडो ६४ च्या डिस्क ड्राइव्हसाठी ‘उरा झेल्डा’ नावाची आवृत्ती काढण्याचा. भुयारे आखणाऱ्या ईजी आओनुमा यांना या कामात रस वाटेना. आपणच घडवलेली कोडी उलटीपालटी करण्याऐवजी नवीन गेम करू द्या, असे त्यांनी मियामोतोंना विचारले. उत्तर मिळाले, एका वर्षात होत असेल तर करा. हा संवाद आओनुमांनी नंतरच्या मुलाखतींत सांगितला आहे. तो बहुधा १९९८ च्या अखेरीस किंवा १९९९ च्या आरंभी झाला असावा. ‘ओकारिना’ २१ नोव्हेंबर १९९८ रोजी जपानमध्ये आला होता. दोन प्रकाशनांमधले अंतर सतरा महिन्यांचे आहे. ‘उरा झेल्डा’चे साहित्य पुढे ‘मास्टर क्वेस्ट’ या नावाने गेमक्यूब या निंटेंडोच्या पुढच्या यंत्रावर बाहेर आले.

तीन दिवसांच्या कल्पनेचे श्रेय कोणाचे, यावर उपलब्ध वृत्तांत पूर्णपणे एकमुखी नाहीत. आओनुमांच्या एका जुन्या कथनात मियामोतो आणि योशिआकी कोइझुमी या दोघांचे नाव येते. नंतरच्या, अधिक तपशीलवार संभाषणात कोइझुमींचा वाटा ठळक होतो. ते तेव्हा चोर-शिपायाच्या खेळावर आधारलेला एक वेगळाच गेम करत होते. त्यात गेममधल्या एका आठवड्याच्या मुदतीत गुन्हेगार पकडायचा होता, आणि खेळाडूच्या घड्याळात ही मुदत साधारण तासाभराची होती. तोच छोटा, पुन्हापुन्हा खेळण्याजोगा साचा ते झेल्डाच्या कामावर घेऊन आले. आकाशातून चंद्र पडतो ही प्रतिमाही त्यांचीच. दुसरा वृत्तांत अधिक विश्वसनीय वाटतो, कारण गेमचे अंतर्गत पुरावे त्याला दुजोरा देतात. क्लॉक टाऊन या टर्मिनातल्या मुख्य गावात खरोखरच एक चोर आहे, त्याचा मागोवा घ्यावा लागतो आणि कोण कुठे कधी होता याची टिपणवहीही खेळाडूला मिळते. मुदत आधी इथेही आठवड्याची होती. पण एवढे सगळे करून पुन्हा पहिल्या दिवशी परतायचे आणि सातही दिवस लक्षात ठेवायचे, हे जड जाऊ लागले, म्हणून ती तीन दिवसांवर आणली गेली. पटकथा मित्सुहिरो ताकानो आणि कोइझुमी यांनी लिहिली.

या गेमसाठी निंटेंडो ६४ मध्ये एक्स्पान्शन पॅक बसवणे सक्तीचे होते. त्यामुळे यंत्राची स्मृती ४ मेगाबाइटवरून ८ मेगाबाइटवर जाते. गावात एकाच वेळी वावरणारी माणसे आणि दूरवर दिसणारा प्रदेश यांसाठी ती लागे.

तीन दिवसांचे चक्र : गेममधले ७२ तास म्हणजे प्रत्यक्षातली सुमारे ५४ मिनिटे. मुदत संपली की चंद्र पडतो आणि सगळे भस्म होते. त्याआधी ओकारिना या बासरीसारख्या वाद्यावर काळाचे गाणे वाजवून पहिल्या दिवसाच्या पहाटेला परतता येते. परतताना मुखवटे, हत्यारे, शिकलेली गाणी सोबत राहतात. पैसे, बाण, बॉम्ब नाहीसे होतात. पैशांना एकच अपवाद आहे, तो सावकाराकडच्या ठेवीचा. सावकार लिंकच्या अंगावर एक न दिसणारा शिक्का उठवतो, आणि काळ मागे फिरला तरी तो शिक्का पाहून त्याला जमा रक्कम कळते. तर्काने हे बसत नाही, पण रचना म्हणून ते चपखल आहे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे माणसांवर केलेले उपकारही पुसले जातात. उदाहरणार्थ, सरायवाली आंजू आणि तिचा बेपत्ता झालेला वाग्दत्त वर काफेई. मेजोराचा मुखवटा चोरून चंद्र खाली ओढणाऱ्या स्कल किडने काफेईला शाप देऊन लहान मूल करून टाकले आहे आणि लग्नाचा मुखवटा चोराने पळवला आहे. पहिल्या दिवसापासून पत्रे पोचवत, रात्री ठरल्या वेळी सरायच्या स्वयंपाकघरात भेट घेत, तिसऱ्या दिवशी चोराच्या अड्ड्यात शिरत हा धागा न तोडता पुढे न्यावा लागतो. सगळे जमले तर काफेई सरायच्या खोलीत पोचतो तेव्हा चंद्र पडायला साधारण दीड तास उरलेला असतो. दोघे पळून जात नाहीत. खेळाडूला निघून जायला सांगतात आणि आपण सकाळची वाट पाहत थांबतात. खेळाडू गाणे वाजवतो, पहिला दिवस उजाडतो, आणि आंजू पुन्हा काउंटरमागे उभी असते, काफेईची काहीही खबर नसलेली.

पोस्टमनचा प्रसंग याहून लहान, पण माझ्या मते अधिक नेमका आहे. तीन दिवस हा माणूस वेळापत्रकाबरहुकूम धावत पत्रे वाटतो. शेवटच्या रात्री गाव ओस पडते. त्यालाही पळायचे असते, पण पळणे वेळापत्रकात नसते, म्हणून तो टपालघरात जमिनीवर कोलमडून तडफडत राहतो. काफेईने आपल्या आईसाठी, मॅडम अरोमासाठी, दिलेले तातडीचे पत्र त्याच्या हाती सोपवले तर तो ते पोचवायला धावतो. तिथे ती त्याला पळून जायची आज्ञा देते. तेव्हा तो सुटतो आणि जाताना आपली टोपी लिंकला देतो. तेच पत्र खेळाडूने स्वतः पोचवले तर बक्षिसात दुधाची बाटली मिळते आणि पोस्टमन गावातच राहतो. एका फेरीत दोन्ही साधत नाही. प्रत्येक माणसाला वाचवणे शक्य आहे, पण सगळ्यांना एकाच वेळी वाचवणे शक्य नाही, आणि हे गेम कुठेही शब्दांत सांगत नाही.

मुखवटे : एकूण २४. त्यांतील डेकू, गोरॉन आणि झोरा या टर्मिनातल्या जमातींचे तीन मुखवटे रूपांतर करणारे. ते चढवताना लिंक किंचाळतो. गोरॉनचा मुखवटा दारमानी या मृत वीराच्या आत्म्यापासून आणि झोराचा मिकाऊ या मरणासन्न वादकापासून बनतो. आत्म्याला शांत करणारे गाणे वाजवले की मुखवटा गळून पडतो आणि मग तो चढवून लिंक त्या मेलेल्याच्या घरी, त्याच्या माणसांत वावरतो. ती माणसे त्याला आपला समजतात. डेकूच्या बाबतीत खुलासा शेवटीच होतो. समाप्तीच्या दृश्यांत डेकूंचा वृद्ध सेवक एका वठलेल्या खोडापुढे रडताना दिसतो. ते खोड म्हणजे त्याचा मुलगा, आणि खेळाडूने ते अगदी सुरुवातीला ओलांडलेले असते. चोविसावा मुखवटा, उग्र देवतेचा, चंद्रावरच्या मुलांना बाकीचे वीस मुखवटे देऊन टाकल्यावरच मिळतो.

संगीत कोजी कोंदो यांचे, काही भाग तोरू मिनेगिशी यांचा. त्यातल्या रंगाला कोंदोंनी चिनी संगीतनाट्याची उपमा दिली आहे. क्लॉक टाऊनची धून तिन्ही दिवस तीच असते. फक्त दुसऱ्या दिवशी तिची लय वाढते आणि तिसऱ्या दिवशी ती अधिक धावत असताना खाली अशुभ सूर घुमू लागतात. शेवटच्या सहा तासांत ती थांबते आणि घंटा वाजू लागतात.

अर्थ लावण्याचे प्रयत्न : एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडलेले शोकाचे पाच टप्पे, म्हणजे नकार, संताप, सौदेबाजी, खिन्नता आणि स्वीकार, टर्मिनाच्या पाच भागांवर बसवण्याची पद्धत चाहत्यांत लोकप्रिय आहे. गावातला सुतारांचा मुकादम चंद्र पडेल हे मानायलाच तयार नसतो, डेकू राजा संतापाने आंधळा झालेला असतो, इथवर ते जुळते. लिंक मुळातच मेला आहे, ही उपपत्ती यावरच उभी आहे. मात्र निर्मात्यांनी सांगितलेल्या जन्मकथेत चोर-शिपाई आहेत, एका वर्षाची मुदत आहे, पडणारा चंद्र आहे. शोकाच्या टप्प्यांना तिथे जागा दिसत नाही. मालिकेच्या अधिकृत कालक्रमात (२०११) हाच लिंक पुढे जगतो. टर्मिना स्कल किडच्या मनातून निर्माण झाला आणि लिंक गेल्यावर लोपला, असे नंतरच्या एका अधिकृत संदर्भग्रंथात म्हटले आहे. ते स्वीकारल्यास आंजूच्या दीड तासाचे मोल कमी होते, म्हणून अनेक जाणकार ते बाजूला ठेवतात, आणि ते योग्यच आहे.

तुलनेसाठी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : वॉरियर विदिन’ (२००४) पाहावा. ‘सँड्स ऑफ टाइम’च्या (२००३) परीकथेसारख्या वातावरणानंतर त्यात मेटल संगीत, रक्तपात आणि सुडाने पेटलेला नायक आला. तोही काळाशीच झुंजणारा, काळाचा रक्षक दहाका त्याच्या मागावर. पण तिथे काळोख मुख्यतः नायकाच्या चेहऱ्यावर आणि बोलण्यात आहे. ‘मेजोराज मास्क’मध्ये नायक अवाक्षर काढत नाही, काळोख त्याच्या भोवतालच्या माणसांवर पडतो.

स्वागत व आवृत्त्या : समीक्षकांनी कौतुक केले. जपानी साप्ताहिक ‘फामित्सू’ने ४० पैकी ३७ गुण दिले, ‘ओकारिना’ला पूर्ण ४० मिळाले होते. विक्री मात्र निम्म्याहून कमी, सुमारे ३३.६ लाख प्रती, ‘ओकारिना’च्या सुमारे ७६ लाखांच्या तुलनेत. यंत्राचा काळ सरत आला होता, एक्स्पान्शन पॅकची अट होती, आणि उत्तर अमेरिकेत नेमक्या त्याच दिवशी प्लेस्टेशन २ बाजारात आले.

जपानी मूळ आवृत्तीत मध्येच सेव्ह करता येत नसे. घुबडांच्या पुतळ्यांपाशी तात्पुरते सेव्ह करण्याची सोय परदेशी आवृत्तीत आली. २००३ मध्ये गेमक्यूबवर, २००९ मध्ये वी या यंत्रावर आणि २०२२ मध्ये स्विचच्या सदस्यत्वसेवेत मूळ गेम पुन्हा उपलब्ध झाला. फेब्रुवारी २०१५ मध्ये ग्रेझो या संस्थेने निंटेंडो ३डीएससाठी नवी आवृत्ती केली. तीत टिपणवही सुधारली, सेव्हच्या जागा वाढल्या, बॉसच्या लढाया बदलल्या. झोरा रूपातले वेगवान पोहणे मात्र जादूशक्ती खर्च करू लागले. मूळ गेममध्ये ग्रेट बेच्या निळ्या पाण्यात उगाचच सूर मारत राहता येत असे, आणि तीन दिवसांच्या त्या घाईत निरुद्देश वेळ घालवण्याची तीच एक जागा होती.