पायाखालचं गार पाणी

"धरणाचं तळाचं पाणी सगळ्यांत शुद्ध. घाण होते ती वरवर. तळाला कोण जातं?" मे महिन्यात कुर्डीला सोमेश्वराच्या दर्शनाला जाताना शेजारच्या मावशींनी हे अगदी खात्रीनं सांगितलं. गोव्यातल्या साळावली धरणाखाली गेलेलं कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी ओसरलं की काही आठवडे वर येतं. बसमध्ये माझं उत्तर अर्धंच राहिलं, ते इथं पुरं करतो. मावशींचा समज फार जणांचा आहे आणि तो बरोबर उलटा आहे.

एप्रिलमध्ये खोल तळीत पोहलेल्या कुणालाही एक गोष्ट ठाऊक असते. छातीपर्यंत पाणी कोमट लागतं आणि पाय खाली सोडले की एकदम गार. उन्हानं वरचं पाणी तापतं, हलकं होतं आणि खालच्या गार, जड पाण्यावर तरंगत राहतं. म्हणजे एकाच तळीत एकावर एक दोन तळ्या.

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं, हे शाळेत शिकलो. पुढची गोष्ट मात्र शाळेत कुणी सांगितली नाही आणि मला तीच सर्वांत सुंदर वाटते. गच्चीवर हजार लिटरची टाकी असते, तेवढं पाणी डोळ्यांसमोर आणा. ते ४ वरून ५ अंशांवर गेलं तर तेवढ्याच आकारमानाचं वजन जेमतेम ८ ग्रॅमनं घटतं. तेच २८ वरून २९ अंशांवर गेलं तर घट सुमारे २९० ग्रॅम, म्हणजे पस्तीसपट! थंड देशात जो थर बनायला पाणी ४ अंशांवरून १० अंशांपर्यंत तापावं लागतं, तो गोव्यात एका अंशात बनतो. खालचं जड पाणी वर उचलून ढवळायचं काम वाऱ्याचं, आणि उन्हाळ्यात खोल जलाशयात ते त्याला झेपत नाही.

दार असं बंद झालं की तळाला हवा मिळत नाही. मुळात गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. ४ अंशांना लिटरमागे १३ मिलिग्रॅम, तर २८ अंशांना ८ मिलिग्रॅमहूनही कमी. त्यात उष्णतेनं जिवाणूंची भूक वाढते. वरून पडणारा पाला, मेलेलं शेवाळ, बुडालेल्या शेतांतला कुजका भाग खाताना ते शिल्लक प्राणवायू संपवतात.

मग ते मरतात का? नाही, दुसरं काहीतरी 'श्वसायला' घेतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. प्राणवायू असताना मँगनीज चार धनभारांच्या काळ्या ऑक्साइडच्या रूपात चिखलात घट्ट बसलेलं असतं, ते पाण्यात विरघळत नाही. जिवाणू अन्नातले इलेक्ट्रॉन त्याच्यावर उतरवतात, भार चारचा दोन होतो आणि मँगनीज विरघळून पाण्यात येतं. लोहाचं तीनाचं दोन होतं. गंजलेल्या लोहानं फॉस्फेट धरून ठेवलेलं असतं. लोह विरघळलं की तेही सुटतं. इंग्लंडमधल्या तलावांच्या चिखलावर काम करून क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी ही देवघेव १९४१-४२ मध्ये मांडली.

साळावलीच्या पाणलोटात लोह-मँगनीजच्या खाणी. तिथल्या पाण्यातल्या मँगनीजबद्दल गोव्यातल्या वर्तमानपत्रांत वेळोवेळी छापून आलं आहे. पण नुसतं खनिज वाहून आलं म्हणून ते पाण्यात उतरत नाही, त्याला बिनहवेचा तळ लागतो. असं पाणी उपसून हवेत आणलं तर लोह लगेच गंजून खाली बसतं. मँगनीज मात्र चिवट, क्लोरीन किंवा पोटॅशियम परमँगनेट घालून ते काढावं लागतं. राहिलं तर नळाला तपकिरी-काळी झाक येते, बादलीवर डाग पडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे, दुसरा स्रोत नसेल तर ०.३.

सुटलेल्या फॉस्फेटचं काय होतं? १९७३ मध्ये कॅनडात एका छोट्या तलावाचे पडदा लावून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन घातलं, फॉस्फरस एकातच. तोच भाग शेवाळानं हिरवागार झाला. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या ईरी सरोवरात मुख्यतः शेतांतून वाहून येणारा फॉस्फरस हेच करतो. २०१४ च्या ऑगस्टमध्ये तिथल्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या विषामुळे अमेरिकेतल्या टोलिडो शहरात चार लाखांहून अधिक लोकांना नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगावं लागलं. ते विष उकळूनही जात नाही. आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरात उलटा त्रास आहे. वरचा थर तापून दार इतकं घट्ट बसलं की तळातलं खत वर येईना आणि माशांचं अन्न घटलं. समशीतोष्ण प्रदेशातल्या ३९३ तलावांच्या नोंदी २०२१ मध्ये तपासल्या, तेव्हा १९८० पासून खोल पाण्यातला प्राणवायू १८.६ टक्क्यांनी घटलेला आढळला.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. पहिल्या जोरदार पावसानंतर तळ्यात मासे मेले की कुणी म्हणतं देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, रागावला, कुणी म्हणतं शेजाऱ्यानं विष टाकलं. विषाची शंका जरूर तपासावी, पण थंड पावसानं थर मोडून तळाचं बिनहवेचं पाणी वर आलं तरी मासे गुदमरतात. नारळ देऊन तो थर हलत नाही आणि बाजारातली 'तलाव शुद्ध करणारी' पूड टाकूनही चिखलातलं लोह कुठं जात नाही.

गोव्यातला मये तलाव असो वा अंजुणे धरण, तपासणी वरच्या बादलीभर पाण्याची करून भागत नाही. दर मीटर खोलीला तापमान आणि प्राणवायू मोजावा, दर महिन्याला. पाणी उपसण्याचं तोंड निरनिराळ्या उंचींवर उघडता आलं तर बिनहवेचा थर टाळता येतो.

मावशी, कुर्डीला तुम्ही चप्पल काढून ज्या भेगाळलेल्या चिखलावरून चाललात, तो वरून तांबूस होता आणि काठीनं उकरला तेव्हा आत काळपट निघाला. तांबूस भागाला हवा लागली होती. पावसात धरण भरलं की तोही पाण्याखाली जाईल.