दमट हवेतील मोठी काचपेटी

चार फूट लांब आणि दोन-दोन फूट रुंद-उंच अशा माशांच्या काचपेटीत वाळू-दगड वजा जाता सुमारे 400 लिटर पाणी राहते. एवढे पाणी लवकर तापत नाही हे खरे, पण तापले की लवकर निवतही नाही. रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर मे महिन्यात रात्रीही पारा फारसा उतरत नसल्याने पेटीतले पाणी 31-32 अंश सेल्सिअसवर ठाण मांडते. 25 अंशांवर गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये सुमारे 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळू शकतो, तर 32 अंशांवर तो 7.3 मिलिग्रॅमवर येतो. आणि नेमकी याच वेळी माशांची ऑक्सिजनची गरज वाढलेली असते. त्यामुळे गाळण आणि थंडावा यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

फिल्टरचे खरे काम कचरा अडवण्याचे नसून जीवाणूंना घर देण्याचे आहे. माशांच्या कल्ल्यांतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे हे जीवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि त्यासाठी त्यांनाही भरपूर ऑक्सिजन लागतो. म्हणून एवढ्या पेटीला, जागा असल्यास, खाली सम्प, म्हणजे फिल्टरची वेगळी टाकी, ठेवणे मला अधिक पसंत आहे, कारण तेथे पाणी हवेत मिसळत खाली पडते. बंद कॅनिस्टरमध्ये, म्हणजे झाकणबंद डब्याच्या फिल्टरमध्ये, वीज गेल्यावर उरलेला ऑक्सिजन जीवाणूच संपवतात, आणि जूनच्या वादळात चार-सहा तासांनी वीज परतली की आतले कुजकट पाणी थेट माशांच्या अंगावर येते. सम्पमध्ये मात्र वीज जाताच वरून उतरणारे पाणी मावेल एवढी जागा रिकामी हवी, अन्यथा ते जमिनीवर येईल.

कोकणातील जांभ्याच्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. अमोनियाच्या रूपातील 1 ग्रॅम नायट्रोजनाचे नायट्रेट होताना सुमारे 7 ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी अल्कता, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता, खर्ची पडते. मृदू पाण्यात ती मुळातच तुटपुंजी असल्याने पीएच घसरतो, म्हणजे पाणी अधिक आम्लधर्मी होते, आणि जीवाणूंचे काम मंदावते. यावरचा उपाय घरामागेच सापडतो: कालवांच्या शिंपा स्वच्छ धुऊन, वाळवून, जाळीच्या पिशवीत भरून सम्पमध्ये ठेवल्या की त्या लागेल तशा हळूहळू विरघळून अल्कता भरून काढतात. याच कामासाठी प्रवाळ मात्र किनाऱ्यावरून उचलू नये. त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

थंडाव्याचा हिशेब उष्णता कोठून येते येथून सुरू करावा. पाण्यात बुडालेला 60 वॅटचा पंप घेतलेली जवळपास सगळी वीज अखेर पाण्यालाच उष्णतेच्या रूपात देतो. 24 तासांत ही उष्णता एवढी होते की ती बाहेर गेलीच नाही, तर 400 लिटर पाणी सुमारे 3 अंशांनी तापेल. कमी विजेचा पंप घेणे ही म्हणूनच थंडाव्याची पहिली पायरी ठरते.

दुसरी पायरी पंख्याची. पृष्ठभागावरून 1 लिटर पाणी उडून गेले तर 400 लिटर पाण्याला सुमारे दीड अंश निववण्याइतकी उष्णता ते सोबत नेते. पण हवा आधीच ओलसर असेल तर पाणी उडणार कसे? नागपुरात 44 अंशांच्या कोरड्या उन्हात पंख्याला बरेच काही साधता येते. रत्नागिरीत 33 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल तर पाणी पंख्याने 28 अंशांखाली जाणे शक्यच नाही. ही मर्यादा घरी मोजता येते. थर्मामीटरच्या टोकाला ओले मलमल गुंडाळून ते पंख्याच्या झोतात धरावे. पारा जेथे स्थिरावेल, तेथेच पंख्याची ताकद संपते.

गोल्डफिशसारख्या गारव्याच्या माशांसाठी ही मर्यादा पुरेशी नसेल, तरच चिलर घ्यावा. तो पाण्यातली उष्णता काढून खोलीत टाकतो, वर स्वतःची भर घालतो, आणि दारे बंद असतील तर काही वेळाने त्याच तापलेल्या हवेशी झगडत बसतो. म्हणून चिलर हवेशीर पडवीत ठेवून नळ्यांना फोमचे आवरण घालावे, आणि खारे वारे धातूच्या पात्या खातात हे लक्षात घेऊन दर पंधरवड्याला त्याची वीज काढून पात्या मऊ ब्रशने झाडाव्यात.