ग्रीनस्टेड

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातील लहानसे खेडे. चिपिंग ऑंगर या गावाच्या पश्चिमेस सुमारे दीड किमी. वस्ती विरळ, भोवती शेती. येथील संत अँड्र्यू चर्च हे जगातील सर्वांत जुने उभे लाकडी चर्च मानले जाते.

चर्चच्या मुख्य दालनाच्या भिंती ओकची खोडे उभी चिरून, एकमेकांना लगटून उभारलेल्या आहेत. खोडाची गोल बाजू बाहेर व सपाट बाजू आत येते; आतल्या बाजूवर तासकामाच्या खुणा आहेत. शेजारशेजारच्या खोडांच्या कडांना खाचा पाडून त्यांत ओकच्याच पट्ट्या बसविल्याने फटींतून वारा-पाऊस शिरत नाही. लोखंडी खिळ्याशिवाय साधलेला हा सांधा इंग्लंडमधील जुन्या सुतारकामाचा मोलाचा पुरावा होय.

काळाविषयी मात्र मतभेद झाले. १९६० मध्ये वेदीकक्षाखाली (चर्चमधील वेदीभोवतालच्या भागाखाली) झालेल्या उत्खननात आधीच्या लाकडी वास्तूंच्या खुणा मिळाल्या. त्या सहाव्या-सातव्या शतकांतील असाव्यात, असे उत्खनकांचे मत असून संत सेड याने सातव्या शतकाच्या मध्यास एसेक्समध्ये केलेल्या धर्मप्रसाराशी त्यांचा संबंध जोडण्यात येतो. उभ्या भिंतींचा काळ वृक्षवलयांवरून (खोडात दरवर्षी वाढणाऱ्या वलयांवरून) प्रथम इ. स. ८४५ च्या सुमाराचा ठरला होता व तो बराच काळ प्रमाण मानला गेला. १९९५ मधील फेरतपासणीत टिकलेले शेवटचे वलय १०५३ चे निघाले. सालीलगतचे रसकाष्ठ झिजून गेलेले असल्याने तेथील वलयांचा अंदाज त्यात मिळवावा लागतो. त्यावरून झाडे १०६३ ते ११०८ च्या दरम्यान तोडली असावीत. हाच निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतो. तसे असल्यास चर्च नॉर्मन विजयाच्या (१०६६ मध्ये नॉर्मंडीच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्याच्या) आगेमागे, परंतु त्यापूर्वीच्या जुन्या सॅक्सन पद्धतीने बांधले गेले.

ईस्ट अँग्लियाचा राजा संत एडमंड याचे अवशेष १०१३ मध्ये लंडनहून सफकमधील बेरी (बेरी सेंट एडमंड्स) येथे परत नेताना ऑंगरजवळच्या लाकडी प्रार्थनागृहात विसावले, अशी परंपरा आहे. ते स्थान हेच असेल, तरी ती वास्तू आजची नव्हे. आधीची म्हणावी लागेल.

विटांचा वेदीकक्ष १५०० च्या सुमाराचा असून त्याच्या पायथ्याशी नॉर्मनकालीन चकमकी दगडांचे बांधकाम शिल्लक आहे. फळ्यांनी मढविलेला पांढरा मनोरा नंतरचा. त्यातील एका घंटेवर १६१८ हे साल कोरलेले आहे. १८४८ च्या जीर्णोद्धारात खोडांची कुजलेली तळटोके कापून खाली विटांचे जोते घातले. त्यामुळे इमारत वाचली. परंतु खोडे मुळात जमिनीत रोवली होती की आडव्या तुळईवर बसविली होती, हे ठरविणारा पुरावाही त्याच वेळी गेला. उत्तर भिंतीतील लहान झरोका कुष्ठरोग्यांसाठी होता, ही समजूत प्रचलित असली, तरी तीस भक्कम आधार नाही.

मजूरसंघ स्थापताना गुप्त शपथ दिल्याबद्दल १८३४ मध्ये ऑस्ट्रेलियास हद्दपार झालेले डॉर्सेटमधील टॉलपडल येथील शेतमजूर माफीनंतर परतले, तेव्हा त्यांतील काही जण या परिसरात शेती करू लागले. त्यांपैकी जेम्स ब्राइन याचा विवाह १८३९ मध्ये याच चर्चमध्ये झाला. पुढे यांतील बहुतेक कुटुंबे कॅनडात स्थायिक झाली.