९ एमएम, .४५ की १० एमएम? हँडगनच्या कॅलिबरच्या भांडणामागचा इतिहास

अमेरिकेत हँडगन घ्यायला गेलेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न विचारतात तो म्हणजे कशासाठी हवीय, घरात ठेवायला की जंगलात कमरेला लावायला, आणि दोन्हीसाठी एकच हवीय म्हटलं की काउंटरच्या अलीकडचे पलीकडचे सगळेच सल्ला द्यायला लागतात. कोणी म्हणतं ९ एमएम बास झाली, कोणी म्हणतं .४५ च्या खाली काही घेऊच नको, कोणी म्हणतं अस्वलांच्या मुलखात १० एमएम शिवाय पाऊल टाकू नको. हे आकडे म्हणजे कॅलिबर, गोळीची साधारण जाडी, एमएम म्हणजे मिलिमीटर आणि .४५ वगैरे इंचात. ऐकायला सगळं एकदम टेक्निकल वाटतं, ग्रेन म्हणजे गोळीचं वजन, फूट पर सेकंद म्हणजे तिचा वेग वगैरे, पण जरा मागे जाऊन बघितलं की कळतं यातला जवळपास प्रत्येक सल्ला कुठल्यातरी एका फसलेल्या प्रसंगातून आलाय. कुठेतरी गोळ्या लागल्या आणि समोरचा पडला नाही, मग पुढची वीस-तीस वर्षं सगळ्यांनी त्याचा धसका घेतला.

सुरुवात फिलिपिन्सपासून करावी लागते. १८९० च्या दशकात अमेरिकन आर्मीने जुनं .४५ कोल्ट सोडून .३८ लाँग कोल्टची रिव्हॉल्वर घेतली, हलकी, झटका कमी, सुटसुटीत. मग १८९८ नंतर हे लोक फिलिपिन्सला गेले आणि तिथे, खास करून दक्षिणेतल्या मोरो लढवय्यांसमोर, तक्रारी यायला लागल्या की गोळ्या लागूनही माणूस हातात पातं घेऊन अंगावर येतोच. शेवटी गोदामातली जुनी .४५ ची सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्वर काढून परत वाटावी लागली. यातला सगळ्यात नीट नोंद झालेला किस्सा मात्र मोरोंचा नाहीच, तो समार बेटावरच्या अँतोनियो कास्पी नावाच्या कैद्याचा आहे, त्याने १९०५ मध्ये पळायचा प्रयत्न केला, झटापटीत त्याला जवळून .३८ च्या चार गोळ्या लागल्या, तीन छातीत आणि एक हातात, आणि तरी तो थांबला तो डोक्यात बंदुकीचा दस्ता बसल्यावर. आता गंमत अशी की .४५ घ्यायला सांगणारी प्रसिद्ध चाचणी १९०४ चीच आहे, म्हणजे हा किस्सा तिच्या नंतरचा, पण सांगताना लोक बिनधास्त तो आधी लावतात कारण गोष्ट तशी जास्त छान जुळते.

ती चाचणी थॉम्पसन आणि लागार्ड या दोन आर्मी अधिकाऱ्यांनी केली. थॉम्पसन म्हणजे तोच ज्याच्या नावाची टॉमी गन पुढे गाजली, आणि लागार्ड हा डॉक्टर. शिकागोच्या कत्तलखान्यात मोजक्याच जनावरांवर वेगवेगळ्या कॅलिबरच्या गोळ्या झाडल्या, शिवाय टांगलेल्या मृतदेहांवर झाडून ते किती हलतात ते बघितलं. आजच्या हिशोबाने याला सायन्स म्हणणं अवघड आहे. पण निष्कर्ष असा निघाला की सैन्याच्या पिस्तुलाचं कॅलिबर .४५ पेक्षा कमी नसावं. जॉन ब्राउनिंगने त्या मापाचं ऑटोमॅटिक पिस्तूल बनवलं, मार्च १९११ मध्ये आर्मीने ते स्वीकारलं, २३० ग्रेनची जाडजूड गोळी साधारण ८३० फूट पर सेकंदने, आणि ते १९८५ पर्यंत अधिकृत पिस्तूल म्हणून टिकलं. त्याच रिपोर्टमध्ये असंही होतं की नाजूक जागी लागल्याशिवाय हँडगनची कुठलीच गोळी खात्रीने थांबवत नाही, म्हणून सैनिकांकडून नेमबाजीचा सराव सतत करून घ्या. हे वाक्य कोणी लक्षात ठेवलं नाही, .४५ चा आकडा तेवढा सगळ्यांच्या डोक्यात बसला.

हीच तक्रार थोडी आधी आपल्या इकडे, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानात पण झाली होती. १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेत .३०३ ची नवी गोळी माणसातून आरपार जाते आणि तो चालतच राहतो अशी ओरड झाली, मग कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात गोळीचं टोक उघडं ठेवून ती आत गेल्यावर फुलेल अशी केली. तीच ती दमदम गोळी. १८९९ मध्ये हेगच्या जाहीरनाम्याने युद्धात अशा फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली, पण ती देशादेशांतल्या युद्धापुरती, पोलिसांना किंवा घरमालकाला नाही. त्यामुळे आज अमेरिकेत घरासाठी जी हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली, आत जाऊन फुलणारी गोळी सर्रास सुचवतात, तिच्या मूळ कल्पनेवर बंगालचा शिक्का आहे असं म्हणायला हरकत नाही.

इकडचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो, आपल्याकडे हा वादच होत नाही. आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ चा आणि त्याखालचे पहिले नियम १९६२ चे (२०१६ मध्ये त्यांच्या जागी नवे आले), त्यात सैन्याची-पोलिसांची काडतुसं ज्यात बसतील अशी पिस्तुलं-रिव्हॉल्वर, म्हणजे ९ एमएम, .३८०, .४५५, .४५, ही सामान्य माणसाला बंद करून टाकली, कारण सरळ होतं, सरकारी गोळ्या बाहेर जाऊ नयेत. राहिलं काय तर मुख्यतः .३२ आणि .२२. म्हणून कानपूरची .३२ रिव्हॉल्वर आणि खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीचे केएफ छापाचे राउंड हीच आपल्या लायसनधारकाची दुनिया, आणि कोकणात रानडुकरांसाठी शेती संरक्षणाचा परवाना काढणाऱ्याकडे तर ठासणीची नाहीतर बारा बोअर, तिथे ग्रेनचा हिशोब कोण करतो.

युरोप मात्र पहिल्यापासून ९ एमएमवर खूश होता. जर्मनीत गेओर्ग लुगरने ते काडतूस १९०२ च्या सुमारास काढलं, १९०४ मध्ये जर्मन नेव्हीने आणि १९०८ मध्ये आर्मीने घेतलं, आणि दोन महायुद्धं त्यावर लढली गेली. ९ एमएम आणि .४५ च्या गोळीच्या व्यासात फरक किती, तर अडीच मिलिमीटरपण नाही. यावर शंभर वर्षं भांडण!

अमेरिकन पोलीस या काळात .३८ स्पेशलवर होते. १९३० च्या दशकात गुंड लोक गाड्यांच्या पत्र्याआड लपायला लागले आणि .३८ त्या पत्र्यातून नीट जाईना, म्हणून १९३५ मध्ये स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम काढलं, तेच .३८ चं काडतूस थोडं लांब आणि आत बराच जास्त जोर. डग्लस वेसन स्वतः ते घेऊन मोठी शिकार करत फिरला म्हणजे जाहिरात झाली. इथे पहिल्यांदा हँडगन घेऊन जंगलात मोठ्या जनावरासमोर जाता येतं ही कल्पना लोकांच्या मनात शिरली. ती खरी पुढे नेली आयडाहोच्या एल्मर कीथने, डोक्यावर भली मोठी हॅट घालणारा हा शिकारी वर्षानुवर्षं .४४ स्पेशलच्या काडतुसात जास्त दारू भरून प्रयोग करत होता आणि कंपन्यांच्या मागे लागला होता. शेवटी १९५५ च्या अखेरीस रेमिंग्टन आणि स्मिथ अँड वेसनने मिळून .४४ मॅग्नम आणलं. सुरुवातीला ते शिकाऱ्यांपुरतंच होतं, मग १९७१ मध्ये एका हॉलीवूड पिक्चरमध्ये पोलिसाच्या हातात ते दिसलं आणि ज्यांनी आयुष्यात अस्वल बघितलं नाही त्यांनाही ते पाहिजे झालं. पुढे ही शर्यत .४५४ कॅसूलवरून २००३ मध्ये .५०० पर्यंत गेली, लांब नळीची ती रिव्हॉल्वर दोन किलोच्या आसपास भरते, माझ्या मते ती कमरेला लावून दिवसभर डोंगर चढणारा माणूस चौथ्या दिवशी ती गाडीतच ठेवणार.

आता मायामी. आजच्या घरगुती पिस्तुलाबद्दल जे काही बोललं जातं त्यातलं बरंचसं ११ एप्रिल १९८६ च्या सकाळच्या त्या पाच मिनिटांतून आलंय. एफबीआयच्या आठ जणांनी प्लॅट आणि मॅटिक्स या दोन बँक लुटारूंना गाठलं, प्लॅटकडे मिनी-१४ रायफल. एजंट जेरी डोव्हची ९ एमएमची ११५ ग्रेनची सिल्व्हरटिप गोळी प्लॅटच्या उजव्या दंडातून छातीत घुसली, जशी फुलायला पाहिजे तशी फुलली, फुप्फुस फाडलं, आणि हृदयाच्या थोडं अलीकडे थांबली. जखम मरण्याइतकी होती, पण प्लॅट त्यानंतरही लढत राहिला, डोव्ह आणि बेन ग्रोगन हे दोन एजंट मारले गेले आणि पाच जखमी झाले. शेवट केला एडमुंडो मिरेलेसने, एक हात निकामी झालेला असताना, आधी एका हाताने शॉटगन चालवून आणि मग रिव्हॉल्वरने. त्या रिव्हॉल्वरमध्ये मॅग्नम नव्हतं, .३८ स्पेशल होतं.

यातून दोन निष्कर्ष निघू शकत होते, एक की पिस्तूल घेऊन रायफलवाल्यासमोर जाऊ नये, दुसरा की गोळी खराब होती. एफबीआयने जोर दिला दुसऱ्यावर. खरं तर गोळीने तिच्या डिझाइनप्रमाणेच काम केलं होतं, कारण तेव्हाची हवा हलक्या, जोरात जाऊन पटकन फुलणाऱ्या गोळ्यांची होती. १९८७ मध्ये क्वांटिकोला, एफबीआयच्या अकादमीत, तज्ज्ञ बसले, त्यात आर्मीचा सर्जन मार्टिन फॅकलर होता, त्याचं म्हणणं असं की हँडगनच्या बाबतीत झटका, ऊर्जा वगैरे सोडा, गोळी पुरेशी खोल जाऊन महत्त्वाच्या अवयवाला भोक पाडते का एवढंच बघा. त्यासाठी त्याची पद्धत म्हणजे जिलेटिनचा ठोकळा, १० टक्के जिलेटिन, ४ डिग्री सेल्सिअसला थंड केलेलं, आणि तो ठोकळा बरोबर जमलाय का हे बघायला आधी त्यात एअरगनचा छर्रा ५९० फूट पर सेकंदने मारायचा, तो साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास आत गेला तरच ठोकळा पास. मग खरी गोळी. एफबीआयचा नियम ठरला की किमान १२ इंच जायलाच पाहिजे, १८ च्या पुढे नको, आणि हे नुसत्या जिलेटिनमध्ये नाही तर समोर जाड कपडे, पत्रा, प्लायवुड, गाडीची काच आणि घरातल्या भिंतीचा जिप्सम बोर्ड ठेवून सुद्धा.

त्यानंतरचं सगळं म्हणजे गोल फिरून परत तिथेच येणं आहे. एफबीआयने १० एमएम घेतलं, जे १९८३ मध्ये जेफ कूपर या पिस्तूल-प्रशिक्षकाच्या आग्रहातून आलं होतं, पण पूर्ण जोराची काडतुसं बऱ्याच एजंटना झेपेनात, म्हणून जोर कमी केला, मग स्मिथ अँड वेसनच्या लक्षात आलं की इतका कमी जोर तर आखूड काडतुसात पण बसतो, १९९० मध्ये .४० आलं आणि पुढची वीस वर्षं अमेरिकेतले पोलीस .४० वापरत होते. दरम्यान गोळ्या बनवणाऱ्यांनी त्याच १२ इंचांच्या परीक्षेसाठी ९ एमएमची गोळी इतकी सुधारली की २०१४-१५ मध्ये एफबीआयनेच सांगितलं, चांगल्या गोळ्यांमध्ये आता कॅलिबरप्रमाणे फारसा फरक दिसत नाही, ९ एमएमने नेम चांगला लागतो, मॅगझिनमध्ये जास्त बसतात, परत ९ एमएम घ्या.

घरासाठी म्हणून जो सल्ला आज मिळतो तो हाच, आणि मला तो पटतो. फक्त एक गोष्ट दुकानात नीट सांगत नाहीत. अमेरिकन घरातली आतली भिंत म्हणजे लाकडी सांगाडा आणि दोन बाजूंना अर्ध्या इंचाचे जिप्सम बोर्ड, आपल्या विटांच्या भिंतीसारखं तिथे काही नाही. आणि एफबीआयच्या परीक्षेत तसलेच दोन बोर्ड ओलांडून पुढे १२ इंच जाणारी गोळी पास होते! म्हणजे चांगली गोळी शेजारच्या खोलीत पण चांगलीच, मग ९ एमएम असो की .४५, मुलं कुठल्या खोलीत झोपतात हा प्रश्न कॅलिबरच्या आधी येतो. शिवाय बंद खोलीत आखूड नळीचं .३५७ उडवलं तर कानाचं जे होतं ते कायमचं होऊ शकतं.

कायद्याच्या बाजूने घरात हँडगन ठेवणं हा व्यक्तीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने स्पष्ट म्हटलं ते २००८ च्या हेलर केसमध्ये, तोपर्यंत वॉशिंग्टन डीसीत नवीन हँडगनची नोंदणीच होत नव्हती. आपल्या मराठी मंडळींपैकी जे एच-वन बी व्हिसावर आहेत त्यांना मात्र हा सगळा वाद लागूच नाही, शिकारीच्या लायसनसारखे थोडे अपवाद सोडले तर त्यांना फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना येते.

जंगलाचं गणित याच्या बरोबर उलट. घरात गोळी फुलून थांबावी असं वाटतं, अस्वलासमोर तीच गोळी चरबी आणि स्नायूत अडकली तर उपयोग शून्य, म्हणून तिकडे हार्ड कास्ट, म्हणजे न फुलणारी, चपट्या टोकाची कडक शिशाची गोळी. म्हणून एकच पिस्तूल दोन्हीकडे वापरायचं तर निदान काडतुसं बदलावीच लागतात. एफबीआयला न झेपलेलं १० एमएम इथे परत वर आलं, ग्रीनलँडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवर फिरणारी डॅनिश सैन्याची सिरियस नावाची गस्त तुकडी ध्रुवीय अस्वलांसाठी १० एमएमचं ग्लॉक २० बाळगते, हे उदाहरण तर प्रत्येक चर्चेत येतं. तसे उलटे किस्सेही आहेत. १९५३ मध्ये अल्बर्टात बेला ट्विन नावाच्या क्री बाईने .२२ च्या रायफलने प्रचंड ग्रिझली अस्वल मारलं, २०१६ मध्ये अलास्कात एका गाइडने ९ एमएमने ब्राउन बेअर थांबवलं, त्यात त्याने हार्ड कास्टसारखीच खोल जाणारी गोळी भरली होती.

अमेरिकेत जंगलात जवळ बाळगायच्या पिस्तुलाची मागणी वाढायला एक कायदाही कारणीभूत आहे. फेब्रुवारी २०१० पर्यंत नॅशनल पार्कमध्ये भरलेली बंदूक जवळ ठेवता येत नव्हती, ती परवानगी आली क्रेडिट कार्डांच्या कायद्याला जोडलेल्या एका कलमातून, अमेरिकन संसदेचं काम असंच चालतं. बाळगता येते पण पार्कमध्ये उडवण्यावरचे निर्बंध तसेच आहेत. आणि त्याच सुमाराला अस्वलांवरच्या संशोधकांचे आकडे आले, २००८ च्या अलास्काच्या अभ्यासात मिरचीच्या स्प्रेने ब्राउन बेअरचं वागणं ९२ टक्के वेळा थांबवलं, २०१२ च्या अभ्यासात हँडगन ८४ टक्के आणि लांब बंदुका, म्हणजे रायफल-शॉटगन, ७६ टक्के. दोन्ही अभ्यासांतले प्रसंग वेगवेगळे, त्यामुळे थेट तुलना करू नये, पण स्प्रे मारायला फारसा नेम धरावा लागत नाही हे तर उघड आहे, मी तरी तोच आधी घेईन.

आणि सिएटलहून गाडीने अलास्काला जायचा प्लॅन असेल तर मधे कॅनडा आहे, तिथे अस्वलांसाठी म्हणून पर्यटकाला हँडगन नेऊ देत नाहीत, मग ती ९ एमएम असो नाहीतर .५००. म्हणून त्या रस्त्याने जाणारे बरेच जण बॉर्डरवर कागद भरून साधी शॉटगन घेऊन जातात.