मोडशीचं 'कुत्र्याचं मरण' कसं झालं?

लग्नात जेवण जरा जास्त झालं, रात्री दोन-चार ढाळ झाले, की कोकणातली आजी निदान करून मोकळी होते : "काही नाही, मोडशी झालीय." आल्याचा रस, दिवसभर पेज आणि विषय संपला. याच शब्दाने एके काळी गोव्याचा थरकाप उडवला होता, कारण तेव्हा मोडशी म्हणजे आजचा कॉलरा.

१५४३ साली गोव्यात भयंकर साथ आली. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोरैया लिहितो, इथले लोक या रोगाला 'मोरिशी' म्हणतात. आपला 'ड' त्याच्या कानाला 'र' वाटला, इतकंच. माणसं इतकी मरत होती की गव्हर्नरने चर्चच्या घंटा वाजवायला बंदी केली. घंटानादानेच लोक हाय खात होते. एक प्रेत चिरूनही पाहिलं. जठर तेवढं कोंबडीच्या जठरासारखं आक्रसलेलं सापडलं.

पुढे गार्सिया द ऑर्ता या वैद्याने १५६३मध्ये गोव्यातच छापलेल्या ग्रंथात या रोगाची लक्षणं नोंदवली : बुडालेली नाडी, खोल गेलेले डोळे, गार घाम, हातापायांत गोळे. पोर्तुगिजांच्या तोंडी मोडशीचं 'मोर्देशी' झालं. फ्रेंचांना त्यात आपलेच शब्द ऐकू आले, 'मोर द शियाँ', म्हणजे कुत्र्याचं मरण! रोगही तसाच असल्याने कोणाला शंका आली नाही. अठराव्या शतकातले युरोपीय डॉक्टर हे नाव सर्रास लिहीत. १८८६च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाने मात्र मूळ मराठी-कोंकणी मोडशीतच असल्याचं सांगितलं आणि ती 'मोडणे' या क्रियापदाशी जोडली. शरीर मोडून पडणं, खचणं.

ही व्युत्पत्ती मला 'कॉलरा'पेक्षा प्रामाणिक वाटते. कॉलरा हा शब्द ग्रीक 'खोले'शी, म्हणजे पित्ताशी जोडतात. पण या रोगात पित्ताचा दोष नसतो. रॉबर्ट कॉखने १८८४मध्ये कोलकात्यात ज्या जिवाणूवर बोट ठेवलं, त्याचं विष आतड्याच्या पेशींना क्षार बाहेर टाकायला लावतं आणि क्षारांमागोमाग पाणी जातं. कधी कधी तासाला लिटरभर. रक्त दाटतं, स्नायू आखडतात, माणूस काही तासांत मोडून पडतो.

त्या काळी यावर टाचेला तापल्या लोखंडाचा डाग देत. आजीची पेज बरी; निदान तिच्यात पाणी आणि मीठ तरी असतं.