जास्त अँटिबॉडी म्हणजे जास्त उजेड? नाही!
वेस्टर्न ब्लॉटवर (मेम्ब्रेन या पातळ पडद्यावर एखादं प्रथिन पट्टीच्या रूपात ओळखण्याची चाचणी) पट्टी फिकी आली की ‘दुय्यम अँटिबॉडी वाढव’ हा सल्ला प्रयोगशाळांत वर्षानुवर्षे फिरतो आहे. त्यापायी कष्टाने जमवलेले नमुने वाया जातात. दुय्यम अँटिबॉडी ही प्रथिनाला चिकटलेल्या पहिल्या अँटिबॉडीला जाऊन चिकटते. तिला जोडलेलं एचआरपी (हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज) एन्झाइम हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने ल्युमिनॉल या रसायनाचं ऑक्सिडीकरण करतं आणि सुमारे ४२५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश पडतो. एन्झाइम फार झालं, तर सब्स्ट्रेट (ते ज्यावर काम करतं ती रसायनं, इथे ल्युमिनॉल आणि पेरॉक्साइड) झपाट्याने संपतं. शिवाय तयार होणारे मुक्त मूलक (फ्री रॅडिकल, अतिशय क्रियाशील कण) एन्झाइमलाच निकामी करतात. मग पट्टीच्या कडा उजळतात, मधला भाग मात्र कोराच. मेम्ब्रेनवर त्याच जागी तपकिरी डाग दिसला, तर अँटिबॉडी कमीच करा: १:५,००० ऐवजी १:५०,००० इतकी पातळ करून बघा. आणि बफरमध्ये (वापरायच्या द्रावणात) सोडियम अझाइड हे परिरक्षक नाही ना, तेही तपासा; ते एचआरपीला बंद पाडतं.